गाणाऱ्याचं माप

कपडेपटाची खोली नाटकगृहाच्या मागच्या दाराला अगदी लागून होती. त्यामुळे रविवारचा दुपारचा खेळ सुटला की मावशीच्या खिडकीखाली वेड्यांचा बाजार भरायचा.

वेडे तीनच, पण कलकलाट तीस जणांचा. एक निवृत्त पोस्टमास्तर. जन्मभर दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले, आता स्वतःचं मत सांगायची त्यांना घाई झालेली. दुसरी दातांची डॉक्टरीण. तिला मावशी दातवाली म्हणायची, तोंडावरसुद्धा. तिसरी शहरात बस चालवायची. दंड पैलवानाचे आणि डोळे मात्र जरा काही झालं की काठोकाठ. ती बसवाली. तिघांची ओळख या नाटकगृहातच झाली आणि ती एकाच माणसापायी. तो माणूस म्हणजे घुमट.

घुमट हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागलं असतं. अठ्ठेचाळीस वर्षांचा, देह कपाटाएवढा आणि स्वभाव सशाचा. एरवी बोलायला लागला तर पुढच्या माणसाला कान पुढे करावा लागे. गायला लागला की मात्र वाटायचं, या कपाटात आणखी चार माणसं राहतात. नाटक बसवणारे पेटीवाले सर त्याच्या या भारदस्त आवाजाला इंग्रजीत बॅरिटोन म्हणत. सर शिकलेले, त्यांना शोभतं. ही तिघं वेडी त्याला ‘तळघर ते गच्ची’ म्हणायची, आणि खरं सांगायचं तर तेच नाव जास्त बरोबर होतं.

नाटकात तो जहाजाचा म्हातारा कप्तान व्हायचा. दुसऱ्या अंकात कप्तान जहाज सोडून जमिनीवर पाय ठेवतो, तिथे त्याचं गाणं. ते सुरू होतं पार तळाला, इतक्या खाली की सूर कानाला कळायच्या आधी तळपायांना कळतो. मग एकेक पायरी चढत चढत शेवटच्या ओळीला तो गच्चीवर जाऊन उभा राहतो आणि तिथून सगळ्या थिएटरवर आवाज पसरून देतो. तिघं वेडी बाल्कनीच्या पहिल्या रांगेत बसायची. गाणं सुरू होताना तिघंही दोन्ही तळहात समोरच्या लाकडी कठड्यावर टेकवायची. घुमट तळाशी पोचला की कठड्याला मुंग्या येतात, असं त्यांचं म्हणणं. सहा वर्षं हा नेम. चुकून कुणी नवखा शेजारी आला तर त्याचेही हात उचलून कठड्यावर ठेवले जायचे.

“सूर कानाने ऐकायचा का लाकूड चाचपून?” मावशी म्हणायची. “उद्या म्हणाल, आम्ही नाटक नाकाने बघतो.”

मावशी कपडेपटाची मालकीण. कागदावर ती पगारी नोकर होती, पण तो कागद कुणी तिला दाखवायच्या फंदात पडलं नाही. शाळेत दोन वर्षं गेली. त्यातलं एक मास्तरांशी भांडण्यात गेलं. आकडे तिला फारसे जमत नसत आणि जमावेत अशी तिची इच्छाही नव्हती. माप घ्यायला ती खाकी कागदाची पट्टी वापरायची. पट्टी अंगाला लावायची, कात्रीने बारीक कातर मारायची: छातीला एक, कमरेला दोन, बाहीला तिरकी. प्रत्येक नटाची पट्टी भिंतीवर त्याच्या त्याच्या खिळ्याला. एकतीस वर्षांत तिच्या हातचा कपडा परत आला असं सांगणारा अजून जन्माला यायचा होता. आणि तिचा एक नियम होता, तो सगळ्या थिएटरला पाठ: गाणाऱ्याचं माप गाताना घ्यायचं. बोलणारा श्वास घेतो तो गळ्यापुरता. गाणारा घेतो तो पाठीपर्यंत. बरगड्या उघडतात, पाठ रुंदावते. तेव्हा पट्टी कुठे येते ते बघायचं आणि तिथे कातर मारायची. नाहीतर शिवणं आणि गळा दाबणं यात फरक काय राहिला?

हाताखाली सून होती. आठ वर्षं मशीनवर बसत होती. काज, बटणं, इस्त्री, तुरपाई सगळं तिच्याकडे. कात्री मात्र नाही.

नवा हंगाम सुरू झाला तेव्हा कप्तानाचा सहा वर्षांचा कोट कोपरांपासून विरला होता. मावशीने नवा शिवला. जाड गडद निळं कापड, आत कडक कॅनव्हास, पुढे पितळी बटणांच्या दोन रांगा. घुमटाच्या अंगावर तो असा बसला की पेटीवाले सर, ज्यांना घरच्या सोफ्याचा रंग विचारला तर सांगता आला नसता, तेही म्हणाले, “मावशी, हा सहा वर्षांनी तरुण झाला.” मावशीने ते वाक्य सुनेला चार वेळा ऐकवलं.

आणि त्याच महिन्यात खिडकीखालची कुजबुज सुरू झाली.

“आज कठडा गप्प होता,” पोस्टमास्तर म्हणाले.

“मागच्या रविवारीही होता,” बसवाली म्हणाली. “मी बोलले नाही. म्हटलं, स्टेअरिंग धरून धरून माझेच हात बधिर झाले असतील.”

“खाली पोचतोय कुठे तो? दोन पायऱ्या आधीच थांबतो, आणि मग खोकल्यासारखं करून वर येतो. घशाला सूज असणार.” दातवालीने पर्समधून बाटली काढली. “मी मध आणलाय त्याच्यासाठी.”

मावशी खिडकीतच होती. “दातवालीने मध वाटायचा? धंदा वाढवायची युक्ती बरी काढलीस.”

“मावशी, चेष्टा नका करू,” बसवालीचे डोळे भरलेच. “तुम्ही आत असता. त्याला काय झालंय हो?”

“काय व्हायचंय? दोघांचं जेवतो आणि तिघांचं झोपतो. तुम्ही कोट बघितलात का?”

“कोट छान आहे,” पोस्टमास्तर म्हणाले. “पण आम्ही कोट ऐकायला येत नाही, बाई.”

मावशीने खिडकी लावून घेतली. लोकांना शिवणकामाची कदर नाही, असं ती सुनेला म्हणाली. सून म्हणाली, “हो आई,” आणि काज करत राहिली.

पण कुजबुज खिडकीखालीच राहिली असती तर ठीक होतं. ती पेटीवाल्या सरांच्या कानांपर्यंतही पोचली, आणि सरांना तर कानच मोठे. त्यांनी घुमटाला डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरने घशात नळी घालून बघितलं आणि गळा ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. गळा ठणठणीत आणि सूर मात्र येत नाही, म्हणजे आता वयच झालं, असा सरांनी हिशोब मांडला. त्यांनी सांगितलं: येत्या रविवारपर्यंत बघू. नाहीच आला, तर गाण्याची पट्टी वर नेऊ, खालचा सूर काढून टाकू, आणि पुढच्या महिन्यापासून कप्तान दुसरा बघू.

त्या रविवारी खेळाच्या दीड तास आधी घुमट कपडेपटात आला. एका हातावर कोट आणि दुसऱ्या तळहातावर पितळी बटण.

“तिसऱ्यांदा तुटलं, मावशी. पाठीलाही जरा कडक वाटतो. पण नवा आहे, सैलावेल म्हटलं.”

“सैलावायला ती चप्पल आहे का? आणि बटणाचं म्हणशील, तर हल्ली दोऱ्यात जीव नाही,” मावशी म्हणाली. “दे इकडे. बस.”

तो स्टुलावर बसला. अंगात नुसता बनियन. स्टूल कुरकुरलं. मग खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याने टेबलावर ठेवला.

“हे काय?”

“राजीनामा. आजचा खेळ झाला की सरांना देईन. त्यांनी मला काढायच्या आधी आपणच गेलेलं बरं.”

“वाचता येत नाही मला,” मावशी म्हणाली. ते खोटं होतं. सावकाश का होईना, तिला वाचता यायचं. “म्हणजे मी बघितलाच नाही. उचल तो.”

“मावशी, दुसरं काही गेलं असतं तर चाललं असतं. वरचा सूर पुष्कळांकडे असतो. खालचा माझ्याकडेच होता.” तो आपल्या मोठ्या हातांकडे बघत होता. “ती बाल्कनीतली तिघं हात ठेवून बसतात ना, ते मला स्टेजवरून दिसतं. तीन रविवार मी त्यांना काही देऊ शकलो नाही. तरी शेवटी टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या ऐकवत नाहीत.”

“कुठे अडतं सांग.”

“इथे,” तो म्हणाला, आणि तिला दाखवायला म्हणून त्याने ती ओळ गुणगुणली. जोर न लावता, बसल्या बसल्या. पहिली पायरी, दुसरी, तिसरी, आणि मग तो तळाशी उतरला.

टेबलावरची टाचण्यांची डबी थरथरायला लागली. बारीक खणखण करत ती बोटभर सरकली. इस्त्रीजवळ उभ्या असलेल्या सुनेने वळून बघितलं.

“बघा,” घुमट कसनुसा हसला. “इथे येतो. स्टेजवर जातो आणि संपतो. म्हणजे भीतीच. मनच गेलं माझं.”

मावशी डबीकडे बघत होती. मग तिने हातातल्या कोटाकडे बघितलं. मग तुटलेल्या बटणाकडे.

“जा, तोंड रंगवून ये,” ती म्हणाली. “कोट मी आणून देते. सूनबाई, तू चहा सांग. आणि सांगून लगेच येऊ नकोस, होईपर्यंत तिथेच थांब.”

घुमट कागद खिशात घालून गेला, सूनही गेली. मग तिने दाराला आतून कडी घातली आणि खिळ्यावरच्या घुमटाच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, सहा वर्षांपूर्वीची आणि यंदाची. एकावर एक धरल्या. सहा वर्षांत माणूस चांगला अर्ध्या कपाटाने वाढला होता, आणि छातीची नवी कातर जुन्या कातरीच्या दोन बोटं अलीकडे होती.

ते माप घेतल्याचा दिवस तिला लख्ख आठवला. घुमट पाठमोरा उभा होता. त्याच्या देहाभोवती पट्टी न्यायची म्हणजे तिचे हात पुरत नसत, म्हणून ती त्याला जवळजवळ बिलगून उभी होती, गाल त्याच्या पाठीला लागलेला. नेहमीप्रमाणे तिने सांगितलं, गा, खालचा. तो गायला. तो सूर हवेतून आलाच नाही. पाठीतून थेट तिच्या गालात शिरला, तिथून दातांत, तिथून कुठे गेला ते तिला कळलं नाही. तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा तो विचारत होता, “झालं का मावशी?” तिने म्हटलं होतं, “केव्हाच,” आणि कातर मारली होती. गाऊन रिकाम्या झालेल्या माणसाच्या अंगावर.

तिने उसवायला घेतलं. पाठीची शिवण, दोन्ही बगला, अस्तर. सुदैवाने शिवणींच्या आत जादा कापडाची माया भरपूर सोडलेली होती. तिथे तरी हाताला सवय होती. कॅनव्हासला चीर देऊन मध्ये दुसरा तुकडा जोडला. पाऊण तासात कोट पुन्हा उभा राहिला आणि बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. मावशीने कडी काढली. कुणाला सांगायची गरजच नाही, असं तिने मनाशी ठरवलं. एकतीस वर्षांचं नाव आहे. सूर आला की झालं.

सूर आला. मावशी विंगेत उभी होती. तिथून तिला बाल्कनीचा कोपरा दिसत होता आणि कठड्यावरचे सहा हात. घुमट खाली उतरायला लागला. दोन पायऱ्या आधी तो सवयीने अडखळला, श्वास घेतला, आणि आज पाठीला कुणी धरून ठेवलं नव्हतं. तो सरळ खाली गेला. विंगेतला दोर हलला. बाल्कनीत बसवालीने एक हात उचलून तोंडावर ठेवला आणि दुसरा कठड्यावरच राहू दिला. मग तो चढला, एकेक पायरी, आणि गच्चीवरून आवाज मोकळा सोडला तेव्हा मावशीला वाटलं, झालं, सुटले.

खेळानंतर मागच्या दाराशी तिघं वेडी, घुमट आणि पेटीवाले सर एकत्र सापडले. प्रत्येकाकडे कारण तयार होतं.

“मध,” दातवाली म्हणाली.

“विश्रांती,” पोस्टमास्तर म्हणाले. “घुमटाला मी पत्र टाकलं होतं, त्यात तसंच लिहिलं होतं.”

सर मात्र हसले नाहीत. “आज चांगलं झालं,” ते घुमटाला म्हणाले. “पण मी तुला खोटं सांगणार नाही. आज आला, उद्या येईल याचा भरवसा काय? तीन रविवार गेला, चौथ्याला आला. का गेला ते तुला माहीत नाही, का आला तेही नाही. अशा सुरावर नाटक कसं उभं करायचं?”

घुमटाने मान हलवली. “खरं आहे सर. मलाच भरवसा नाही.” आणि त्याचा हात खिशाकडे गेला.

खिडकीत मावशी उभी होती. त्या खिशात काय आहे ते तिला माहीत होतं. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर यायला एक क्षण लागला, आणि तो एक क्षण तिला एकतीस वर्षांपेक्षा लांब वाटला.

“त्याच्या गळ्याला काही झालं नव्हतं,” ती म्हणाली. “कोट चुकला होता. मी चुकले होते.”

सगळ्यांनी वर बघितलं. सर समजूतदारपणे हसले. “मावशी, तुम्ही त्याला पाठीशी घालताय, कळतं मला. पण निदान पटेल असं तरी सांगा. तुमच्याकडून मापात चूक?”

“का, मी काय सोन्याची आहे?”

“तुम्हीच सांगत असता, बाई,” पोस्टमास्तर म्हणाले.

मावशी तरातरा बाहेर आली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वतःची चूक भांडून सिद्ध करायची पाळी आली होती, आणि भांडायचं म्हटल्यावर ती मागे हटणाऱ्यातली नव्हती. तिने सरांच्या नाकासमोर दोन्ही पट्ट्या धरल्या. घुमटाच्या अंगात अजून कोटच होता; त्याला जागच्या जागी वळवलं, कोट मागून उलटा करून उसवलेल्या खुणा दाखवल्या, मधला नवा तुकडा दाखवला. “दोन बोटं. श्वास घेणार कुठून तो? बटणं तुटत होती, तर मी दोऱ्याला शिव्या देत होते. डोळे आहेत ना? बघा.”

सरांनी बघितलं. चष्मा काढून, घालून पुन्हा बघितलं. “पण तुम्ही तर माप गाताना घेता. सगळ्यांना माहीत आहे.”

“घेतलं होतं.”

“मग?”

मावशीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “मग काय? ऐकत बसले.”

“काय?”

“ऐकत बसले म्हणते. एवढे मोठे कान, तेवढं ऐकू येत नाही का? तो गात होता, मी पट्टी धरून उभी होते, आणि ऐकत बसले. बघायचं राहून गेलं. तो थांबल्यावर कातर मारली.”

दातवालीने मधाची बाटली हळूच पर्समध्ये सरकवली. मग बसवालीने अगदी बारीक आवाजात विचारलं, “म्हणजे, पाठीला कान लावून?”

“गाल,” मावशी म्हणाली.

“सहा वर्षं आम्ही लाकूड धरून बसलोय,” बसवाली म्हणाली, आणि तिला एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं.

घुमट कानापर्यंत लाल झाला होता. त्याने खिशातला कागद काढला, तो कुठे ठेवावा ते त्याला सुचेना, तेव्हा मावशीने तो त्याच्या हातातून घेतला आणि चार तुकडे करून स्वतःच्या कमरेला खोचला.

“गाण्याची पट्टी आहे तीच राहील,” सर म्हणाले. “कप्तानही. पण मावशी, हा तुकडा जोडलेला कोट हंगामभर टिकणार नाही. नवा लागेल.”

“ते तुम्ही सांगायला नको.”

सोमवारी सकाळी घुमट पुन्हा कपडेपटात पाठमोरा उभा राहिला. मावशीने नवी खाकी पट्टी घेतली, हात पुढे केले आणि तसेच थांबवले. मग वळून तिने पट्टी आणि कात्री दोन्ही सुनेपुढे धरल्या.

सुनेने आधी कात्रीकडे बघितलं, मग सासूकडे. “मी?”

“दुसरं कोण आहे इथे?”

“आई, मला गाण्यातलं काही कळत नाही. मला सगळं सारखंच वाटतं.”

“म्हणूनच,” मावशी म्हणाली आणि स्टुलावर जाऊन बसली. “गा रे. खालचा.”

घुमट गायला. सुनेने पट्टी त्याच्या पाठीवरून फिरवली, बरगड्या उघडताना कागद कुठे सरकतो ते नीट पाहिलं, आणि श्वास भरलेला असतानाच चटकन कातर मारली. व्यवस्थित, बारीक, जिथे हवी तिथेच.

“आई, झालं,” ती म्हणाली. “थांबवू का त्यांना?”

“तुझं झालं ना?” मावशीने डोळे न उघडताच म्हटलं. “मग तू तुझं काज कर. त्याला गच्चीपर्यंत जाऊ दे.”